वैमानिकाचे कान आणि आपले कान

(रविवारी सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दांकन)



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. वैमानिकांच्या हेडसेटविषयी एका निवृत्त परिचारिकेने काय बोलावे? मी विमान चालवलेले नाही, आणि माझी पदविका परिचर्येची आहे, अभियांत्रिकीची नव्हे. परंतु ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती कानावर बसते, आणि आमच्या व्यवसायात कान हे हाताइतकेच कामाचे अवयव असतात. रक्तदाब मोजताना पट्टा सैल होऊ लागला की स्टेथोस्कोपमधून पहिला ठोका नेमका कधी ऐकू आला, आणि तो कधी नाहीसा झाला, यावरच दोन्ही आकडे ठरतात. डोक्यावर पंखा घरघरत असेल, शेजारच्या खाटेवर कोणी मोठ्याने बोलत असेल, तर हातून आकडा चुकीचा नोंदला जाऊ शकतो. म्हणून आम्हाला शिकवणी होती: आधी गोंगाट थांबवा, मग कान लावा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. रुग्णालयाचा पंखा बंद करता येतो. परंतु विमानाचे इंजिन बंद करता येत नाही. मग वैमानिकाने ऐकायचे कसे? आजच्या भाषणाचा मूळ प्रश्न हा आहे.

माझी मुलगी आणि जावई जर्मनीत बॉन येथे राहतात. गेली काही वर्षे मी उन्हाळ्याचे महिने त्यांच्याकडे काढते. ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेले हे शहर आकाराने लहान आहे. पश्चिम जर्मनीची राजधानी असतानाही ते लहानच होते. मात्र त्याला विमाने दोन प्रकारची लाभली आहेत. कोलोन आणि बॉन या दोन शहरांच्या मध्ये मोठा विमानतळ आहे, आणि तेथे मालवाहू विमाने रात्रभर उतरत असतात. दुसरे हांगेलारचे छोटे विमानक्षेत्र. ते नदीपलीकडे झांक्ट आउगुस्टीन गावाच्या हद्दीत आहे. जर्मनीतील सर्वांत जुन्या विमानक्षेत्रांत त्याची गणना होते. तेथे एका पंख्याची लहान विमाने आणि ग्लायडर उडतात.

प्रथम विमानातील गोंगाटाचे स्वरूप समजून घेऊ. अशा लहान विमानाचा पंखा मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४०. पाती दोन असतील तर सेकंदाला ८० वेळा हवेला धक्का बसतो. एका सेकंदात होणाऱ्या अशा कंपनांना आपण हर्ट्झ म्हणतो. म्हणजे ही ८० हर्ट्झची खर्जातली घरघर झाली. त्यात इंजिनाच्या नळकांड्यांतील स्फोट आणि वाऱ्याचा घोंगावणारा आवाज मिसळला, की वैमानिकाच्या आसनापाशी गोंगाट सहज ९० डेसिबलच्या घरात जातो. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारे तज्ज्ञ ८५ डेसिबलमध्ये दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगतात. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास.

आपल्या अंतःकर्णात, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, प्रत्येक बाजूस सुमारे १५ ते १६ हजार केशपेशी असतात. ध्वनीचे रूपांतर मेंदूला कळेल अशा संदेशात करण्याचे काम त्यांचे. अति गोंगाटाने त्या मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. माणसामध्ये उगवत नाहीत. हाड मोडले तर जुळते, जखम भरते, रक्त नव्याने तयार होते. परंतु ही पेशी गेली की गेली. आणि ती दुखून जात नाही. गोंगाटाने येणारा बहिरेपणा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तार स्वरांत, प्रथम उतरतो. आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात. 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. घरातील म्हातारे माणूस म्हणते, "तुम्ही सगळे पुटपुटता." ते खोटे बोलत नाहीत. व्यंजने त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्या विषयाची किल्ली तीच आहे. खर्जातील मोठा आवाज आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतील लहान आवाजांना झाकून टाकतो. उलट मात्र तितके घडत नाही. इंजिनाची घरघर ८० किंवा १०० हर्ट्झची असली तरी तिच्याखाली नियंत्रण कक्षातील माणसाची व्यंजने गाडली जातात. वैमानिक मग रेडिओचा आवाज वाढवतो. आता त्याच्या कानावर गोंगाटही आदळतो आणि वाढवलेला रेडिओही.

यावर जुना उपाय म्हणजे जाड गादीचे, कान पूर्ण झाकणारे हेडसेट. ते वरच्या पट्टीतील आवाज चांगले अडवतात. खर्जातील आवाज मात्र त्यांना जुमानत नाही. शेजारच्या मांडवात ध्वनिक्षेपक लागला असताना खिडक्या लावून पाहा: गाण्याचे शब्द अस्पष्ट होतात, परंतु ढोलाचा दणका भिंतीतून आत येतोच. हेच वैमानिकाच्या कानापाशी घडते. त्याला जी घरघर घालवायची असते, नेमकी तीच आत शिरते.

नवा उपाय आवाजाला अडवत नाही. त्याच्यासमोर त्याचाच उलटा आवाज उभा करतो. आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा समुद्राचे उदाहरण आपणास परके नाही. एका लाटेचा उंचवटा आणि दुसऱ्या लाटेचा खळगा एकाच ठिकाणी, एकाच क्षणी आले, तर तेथे पाणी सपाट राहते. ध्वनी हीसुद्धा हवेतील लाटच आहे. हेडसेटच्या वाटीत एक चिमुकला मायक्रोफोन बसवलेला असतो. तो आत शिरलेली घरघर टिपतो, विद्युत मंडल तिची उलटी लाट तयार करते, आणि वाटीतील छोटा स्पीकर ती कानापाशी सोडतो. उंचवट्यावर खळगा बसतो आणि घरघर ओसरते. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४ मीटरहून अधिक असते. ती लांबलचक आणि एकसारखी असल्यामुळे तिला गाठता येते. ३,४०० हर्ट्झची लाट अवघी १० सेंटिमीटरची; क्षणाचा अल्पांश जरी उशीर झाला तरी उंचवट्यावर उंचवटाच बसायचा. म्हणून वरचे आवाज गादीने अडवायचे आणि खालचे उलट्या लाटेने शमवायचे, अशी ही वाटणी आहे.

ही कल्पना नवी नाही. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३३ साली जर्मनीत तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ साली त्याला अमेरिकेतही पेटंट मिळाले. परंतु तितक्या चपळाईने उलटी लाट तयार करणारी साधने तेव्हा नव्हती. कल्पना जवळजवळ अर्धशतक कागदावर राहिली. १९७८ साली अमर बोस हे प्राध्यापक झुरिकहून बॉस्टनला विमानाने परतत होते. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून संगीत ऐकू पाहताना गोंगाटाने त्यांचा विरस झाला, आणि त्याच प्रवासात त्यांनी या उपायाची प्राथमिक गणिते मांडली. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रूटान आणि जीना यीगर यांनी 'व्हॉयेजर' नावाच्या विमानातून, वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न घेता, ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्या कानांवर बोस यांच्या संस्थेचे प्रायोगिक हेडसेट होते. १९८९ मध्ये ते वैमानिकांसाठी विक्रीस आले. जर्मनीतही काम चालू होते. लुफ्थान्सा या विमान कंपनीने १९८४ मध्ये झेनहायझर या कंपनीकडे आपल्या वैमानिकांसाठी अशा हेडसेटची मागणी केली, आणि १९८७ मध्ये तो सिद्ध झाला.

बॉनमध्ये फिरताना या शास्त्राचे मूळ पुरुष पावलोपावली आठवतात. कान स्वरांचे पृथक्करण कसे करतो याचा पाया घालणारे हेल्महोल्ट्झ १८५५ ते १८५८ या काळात बॉनच्या विद्यापीठात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवत होते. त्यांचे शिष्य हाइनरिख हर्ट्झ. ज्यांच्या नावाने आपण कंपने मोजतो आणि ज्यांनी सिद्ध केलेल्या रेडिओ लहरींवरून वैमानिक बोलतो, ते हर्ट्झ १८८९ पासून बॉनला प्राध्यापक होते आणि १८९४ च्या पहिल्या दिवशी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, तेथेच वारले. त्यांच्या वडिलांचे घराणे मूळचे ज्यू. पुढे ते ख्रिस्ती झाले होते. तरीही नाझी राजवटीत या कुटुंबाला ज्यू ठरवण्यात आले, आणि त्यांची पत्नी व मुली देश सोडून इंग्लंडला गेल्या. ज्या देशाने दूरचा आवाज जवळ आणणारी लहर शोधली, त्याच देशात १० नोव्हेंबर १९३८ रोजी ऱ्हाइनकाठचे बॉनचे सिनेगॉग जाळण्यात आले. आजचे सिनेगॉग १९५९ साली टेंपलश्ट्रासे या रस्त्यावर उभे राहिले. तेथील बरीच मंडळी पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेली आहेत. अवतीभवती रशियन आणि जर्मन बोलणे चाललेले असते, आणि मला दोन्ही भाषा नीट येत नाहीत. परंतु 'शमा' सुरू झाला की चाल वेगळी, उच्चार वेगळे, तरी माझा कान तो बरोबर ओळखतो.

आता हांगेलारकडे वळते. मुलीच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ हौसेने विमान चालवतात. मी परिचारिका होते हे कळल्यावर ते आपल्या कानांविषयी बोलू लागले, आणि एके दिवशी आम्हा सर्वांना विमानक्षेत्रावर घेऊन गेले. विमान जमिनीवरच होते, इंजिन सुरू. त्यांनी माझ्या कानांवर हेडसेट बसवला. आवाज काहीसा कमी झाला. मग त्यांनी छोटी कळ दाबली. माझ्या छातीवर आणि दातांवर जाणवणारी घरघर तशीच होती, परंतु कानांतून ती ओसरली, आणि तिच्या जागी नियंत्रण कक्षातील माणसाचा शांत आवाज स्पष्ट ऐकू आला. मला वाटले होते की शांतता पसरेल. प्रत्यक्षात शांतता पसरली नाही. ऐकण्यासाठी जागा झाली. इंजिनाची लय बदलली तर तेही कळत होते.

परत येताना ते गृहस्थ म्हणाले, "मी पहिली वीस वर्षे साध्या हेडसेटवर काढली. आता मला पाकोळ्या ऐकू येत नाहीत." उन्हाळ्यात बॉनच्या छपरांवरून पाकोळ्यांचे थवे तीक्ष्ण आवाज करीत उडतात. ते त्यांना दिसतात. आवाज येत नाही. हेडसेट त्यांनी उरलेले राखण्यासाठी घेतला, गेलेले परत मिळवण्यासाठी नव्हे.

एखादा शब्द ऐकू न येण्याची किंमत केवढी असू शकते? २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ येथे, दाट धुक्यात, धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर झाली. ५८३ माणसे गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात यापेक्षा मोठी दुर्घटना झालेली नाही. कारणे अनेक होती, परंतु त्यांपैकी एक कानाशी निगडित आहे. नियंत्रण कक्षाने डच विमानाला थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी अमेरिकन विमानानेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवले. दोन्ही संदेश एकाच लहरीवर आदळले, आणि डच वैमानिकांच्या कक्षात काही सेकंद कर्कश शीळ ऐकू आली. दोन्ही वाक्ये प्राण वाचवणारी होती. ती बोलली गेली, परंतु नीट ऐकली गेली नाहीत. कोणताही हेडसेट ती टक्कर टाळू शकला नसता, कारण बिघाड लहरीतच होता. मी ही घटना सांगते ती एवढ्यासाठी की सांगणाऱ्याने सांगितले म्हणजे काम पूर्ण झाले असे नव्हे. ते ऐकणाऱ्यापाशी पूर्ण होते.

समोर तरुण मंडळी बसली आहेत. आता हीच युक्ती तुमच्या खिशातल्या इअरफोनमध्ये आली आहे, म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. हे साधन गोंगाट शमवते, संगीताचा आवाज नव्हे. गोंगाट कमी झाल्यावर तुम्ही आवाजही कमी केलात तरच कान वाचतील. ते लावून रस्ता ओलांडू नका. बसची घरघर हीच त्याला सर्वांत सहज पुसता येते. आणि घरात आजी बोलत असताना ते कानातून काढा.

कानांचा विषय केवळ वैमानिकांपुरता नाही, हेही मला बॉनमध्येच उमगले. जागतिक आरोग्य संघटनेचे युरोपचे पर्यावरण आणि आरोग्य केंद्र बॉनमध्ये आहे, आणि युरोपसाठी गोंगाटाचे निकष तेथेच तयार झाले. २०११ च्या अहवालानुसार पश्चिम युरोपातील लोक वाहतुकीच्या गोंगाटामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षे गमावतात. २०१८ च्या निकषांत विमानांचा गोंगाट रात्री सरासरी ४० डेसिबलच्या खाली असावा, असे सांगितले आहे. कोलोनमधील अवकाश-वैद्यक संस्थेने विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या ६४ जणांची झोप त्यांच्या घरीच तपासली. खोलीत ३३ डेसिबलचा आवाज झाला तरी जाग येण्याची शक्यता वाढू लागते, असे आढळले. ३३ डेसिबल म्हणजे कुजबुजच. "आम्हाला सवय झाली आहे," असे आपण मुंबईत म्हणतो. सवय मनाला होते. झोपेतल्या शरीराला होत नाही. आपल्या देशातही २००० सालापासून नियम आहेत: निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, आणि रुग्णालयांभोवती १०० मीटरचा शांतता विभाग, जेथे रात्रीची मर्यादा ४० आहे. रुग्णालयाच्या दारात भोंगा वाजवणाऱ्याला हा आकडा कोणीतरी सांगायला हवा.

आणि आता ज्यासाठी मी हा सारा विषय घेतला, ते बोलते. बॉनमध्ये बेथोव्हेन या संगीतकाराचे जन्मघर जपून ठेवले आहे. तेथे त्याची कानाला लावायची कर्णे मांडलेली आहेत, धातूची, ओबडधोबड. ती पाहताना आजच्या नखाएवढ्या श्रवणयंत्राची आठवण येते. १८०२ साली, वय जेमतेम ३१ असताना, त्याने आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि ते कधी पाठवले नाही. आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना सांगण्याची लाज वाटते, म्हणून आपण लोकांतून दूर झालो, असा त्याचा आशय आहे. हे वाचून मला एकट्या बेथोव्हेनची आठवण झाली नाही. आपल्याच समाजातील वडीलधारी मंडळी डोळ्यांसमोर आली. पूर्वी पुढच्या बाकावर बसणारे मागे बसू लागतात, मग सणापुरते येतात, मग येत नाहीत. आपण म्हणतो, पाय दुखतात. पाय दुखत असतीलही. परंतु शब्बाथला आपल्याकडे ध्वनिक्षेपक लावला जात नाही. हझानसाहेबांचा आवाज पोहोचत नसेल, तर तास-दीड तास माणसाने काय करावे? मिन्यानसाठी दहा माणसे मोजताना ज्यांची उणीव भासते, त्यांच्यापैकी किती जण केवळ कानांमुळे घरी राहिले आहेत, याचा विचार करू या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला कारण होणारे, परंतु टाळता येण्याजोगे १२ घटक दिले आहेत. ऐकू कमी येणे त्यांत आहे.

चष्मा लावताना आपण लाजत नाही. मग श्रवणयंत्राची लाज कशाला? काही जण म्हणतात, ते विजेवर चालते, शब्बाथला कसे लावायचे? शब्बाथ लागण्यापूर्वी सुरू करून ठेवलेले यंत्र वापरण्यास बहुतेक धर्मपंडितांनी मोकळीक दिली आहे. तुमच्या यंत्राविषयी शंका असेल तर जाणत्यांना विचारा. विचारण्याआधीच ते कपाटात ठेवू नका.

आपला धर्म ऐकण्यावर उभा आहे. आपले पूर्वज कोकणात शतकानुशतके ग्रंथांपासून दूर राहिले. पुष्कळ काही विसरले गेले. 'शमा' राहिला, आणि त्याचा पहिला शब्दच ऐकण्याची आज्ञा आहे. रोश हशानाला मित्स्वा शोफार फुंकण्याची नसून तो ऐकण्याची आहे. मिश्नामध्ये तर असा प्रश्न आहे की कोणी विहिरीत शोफार फुंकला तर कर्तव्य पार पडले का? उत्तर असे, की शोफारचा आवाज ऐकला असेल तर पडले. केवळ प्रतिध्वनी ऐकला असेल तर नाही. खरा आवाज आणि त्याभोवतीचा कल्लोळ वेगळा काढण्याची काळजी आपल्या गुरूंनी हेडसेटच्या कितीतरी आधी घेतली होती. आणि ज्यांच्या नावाने आपण मलिदा करतो, त्या एलियाहू हानाबींना होरेब पर्वतावर आधी वारा आला, मग भूकंप, मग अग्नी. परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर आला तो अगदी मृदू आवाज, आणि त्या आवाजापुढे त्यांनी आपला चेहरा झग्यात झाकून घेतला.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. साठीनंतर वर्षातून एकदा कानांची तपासणी करून घ्या. ती अर्ध्या तासात होते आणि दुखत नाही. ज्यांच्या घरी ऐकू कमी येणारे माणूस आहे, त्यांनी दुसऱ्या खोलीतून ओरडू नये. समोर यावे, चेहरा दिसेल असे उभे राहावे, टीव्ही बंद करावा आणि सावकाश बोलावे. आणि सिनेगॉगच्या समितीस सुचवते, की तेवा जवळच्या दोन रांगा ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, आणि येत्या शब्बाथला आपल्यापैकी प्रत्येकाने मागे बसणाऱ्या एका तरी वडीलधाऱ्या माणसाला हात धरून पुढे आणावे.